न पिणाऱ्या कारकुनाचा मद्यकोश

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत ईरप्पा हेब्बाळकरांच्या घरी आलेल्या पाहुण्याला आधी चहा मिळतो आणि मग हात धुवायला पाणी. हात कोरडे झाल्याशिवाय पुस्तक पुढ्यात येत नाही. पुस्तक म्हणजे चारशे बारा पानांचं, काळ्या कापडी पाठीचं, हातानं लिहिलेलं बाड. नाव ‘विदेशी द्राक्षमद्ये : ओळख व इतिहास’. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात कोर्टाचा गोल शिक्का आहे आणि शिक्क्याखाली ‘खरी नक्कल’ असे शब्द.

वाइनवरची परदेशी पुस्तकं मुंबईच्या दुकानांत मिळतात. जाड असतात, रंगीत नकाशांची असतात. तरीही माणसं कोल्हापूरला येतात. १९८६च्या पहिल्या सहा महिन्यांत नाशिककडं वाइनची द्राक्षं लावू पाहणारा एक इंजिनियर आला, बेळगावचे एक निवृत्त कर्नल आले, पणजीच्या एका हॉटेलचा मॅनेजर आला आणि गोव्याच्या व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्या एक प्राध्यापिका तीन दिवस मुक्काम टाकून गेल्या. पोर्तुगालहून गोव्यात उतरलेली आणि गोव्यातून घाट चढून वर आलेली वाइन कोणत्या उत्पादक घराण्याची, कोणत्या सालची, कोणत्या आयातदाराच्या शिक्क्याची होती, याची इतकी बारीक नोंद त्यांना दुसरीकडं सापडली नव्हती.

यातला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो की, या सगळ्यांत चांगली कुठली?

“मला काय ठावं?” ईरप्पा म्हणतात. “मी पीत न्हाय.”

ही नम्रता नव्हे. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी दारूचा थेंब घेतलेला नाही. ते लिंगायत आहेत, गडहिंग्लजजवळच्या हलकर्णीचे. घरात कानडी, बाहेर मराठी. मॅट्रिक झाल्यावर १९५०मध्ये ते दारूबंदीच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं काम लिहिण्याचं होतं. पकडलेल्या मालाचा पंचनामा लिहायचा, मुद्देमालाच्या नोंदवहीत त्याला नंबर द्यायचा, खटला संपला की माल नष्ट केल्याची नोंद करायची. पहिली अकरा वर्षं माल ठरलेला असे. हातभट्टीची दारू, ट्यूबमध्ये भरलेली, कधी मडक्यातली. वर्णन एका ओळीत संपत असे.

डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला आणि मुद्देमालाची खोली बदलली. पोर्तुगीज अमदानीत तिथं साठलेल्या बाटल्या हळूहळू घाट चढू लागल्या. दाजीपूरच्या रस्त्यानं राधानगरीला, तिथून तांदळाच्या पोत्यांत दडून कोल्हापूरला. त्यांवरची अक्षरं कचेरीतल्या कुणाला वाचता येत नव्हती.

१९६४च्या हिवाळ्यात अशाच एका ट्रकमध्ये अकरा बाटल्या सापडल्या. लेबलवर एवढंच कळण्यासारखं होतं : १९३४. ईरप्पांनी हिशेब केला आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘सदर माल तीस वर्षांपूर्वीचा असून मुदत संपलेला व पिण्यास अयोग्य दिसतो. नमुना तपासणीस पाठवण्याजोगा नाही.’ औषधाची बाटली, बिस्किटांचा डबा, सगळ्यालाच मुदत असते. तीस वर्षांत काय टिकतं, असा त्यांचा सरळ विचार होता. नमुना गेला नाही. निकामी म्हणून माल लगेच ओतून टाकला गेला. खटला उभा राहिला तेव्हा बाटल्यांत दारू होती, हे सिद्ध करणारं काहीच हातात नव्हतं. उलट ती पिण्याजोगी नव्हती, असं लिहून दिलेलं होतं. आरोपी सुटला. मॅजिस्ट्रेटनी निकालपत्रात एक वाक्य घातलं : ‘पंचनामा लिहिणाऱ्यास मालाचे ज्ञान नाही असे दिसते.’

कचेरीत दोन दिवस त्यावर हसणं झालं आणि तिसऱ्या दिवशी सगळे विसरले. ईरप्पा विसरले नाहीत. निकालपत्र कायमचं असतं, हे त्यांना कामामुळं चांगलं माहीत होतं. आपण लिहिलेली ओळ पुन्हा कुठल्याही कोर्टात खोटी ठरू द्यायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं. पुढची वीस वर्षं त्यांनी जे केलं, ते एवढ्यासाठी केलं.

पहिलं काम म्हणजे परवानगी. कचेरीचे प्रमुख सयाजीराव निंबाळकर होते, जाड भुवयांचे, तोंडाचे फटकळ. ईरप्पांनी लेखी अर्ज दिला : खटला संपलेल्या बाटल्या फोडण्यापूर्वी त्यांवरची लेबलं काढून घेण्यास परवानगी मिळावी.

“लेबलं कशाला?” सयाजीरावांनी विचारलं.

“शिकायला, साहेब.”

“शिक. पण लेबल तुझं आणि बाटली सरकारची. बुचाला बोट लागलं तर घरी बसवीन.”

परवानगी अर्जावरच सही करून मिळाली. तो कागद ईरप्पांनी लेबलांसाठी आणलेल्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला.

लेबलं सोडवायचं काम शिपाई केरबा करायचा. पत्र्याच्या बादलीत पाणी घ्यायचं, बाटली उभी भिजत ठेवायची, तासाभरानं कागद आपोआप सुटायचा. एका बाटलीवर बहुधा दोन कागद असत : पोटावर मोठं लेबल आणि मानेवर किंवा पाठीवर लहान पट्टी. दोन्ही जुन्या वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी वाळवायचे, आणि मग पाणी बदलून पुढची बाटली. केरबाला हा उद्योग अजिबात पटत नव्हता.

“अण्णा, माणसं आतल्यापायी मरत्यात,” तो म्हणायचा, “आन तुमी भायेरचा कागूद घिऊन घरला चाललाय. ह्येला काय म्हणावं?”

“तू भिजव.”

“भिजवतोय की. पर घरात वैनी काय म्हणत्यात?”

वैनी म्हणजे महादेवी. त्यांनी वहीला घरात घेतलं, पण सोप्यापर्यंतच. दारूच्या बाटलीला चिकटून राहिलेला कागद स्वयंपाकघराच्या आणि देवाच्या बाजूला जाता कामा नये, हा त्यांचा नियम होता आणि तो आजही तसाच आहे. वहीचं कपाट सोप्यात आहे. खळ करायला कणीक मात्र त्याच काढून देत.

दुसरं काम पुस्तकांचं. संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यांवर असलेल्यांच्या घरांतून विलायती पुस्तकं रद्दीत येत होती. त्यांत वाइनचे कोश असत, इतिहास असत, कुठल्या दरीत कुठली द्राक्षं याचे तक्ते असत. कथा-कादंबऱ्या विकल्या जात. ही पुस्तकं पडून राहत. ईरप्पांनी सात वर्षांत अशी एकोणीस पुस्तकं जमवली आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. वाइनच्या बाबतीत साल म्हणजे मुदत नव्हे, द्राक्षं तोडल्याचं वर्ष, ही गोष्ट त्यांना पहिल्याच पुस्तकाच्या अकराव्या पानावर कळली. त्या पानावर त्यांनी खूण केली नाही. पान लक्षात राहिलं.

पोर्तुगीज शब्दांसाठी हुसेन मणेर होते. हे गृहस्थ बारा वर्षं पणजीच्या हॉटेलात टेबलं सांभाळून लक्ष्मीपुरीत परत आले होते आणि खानावळ चालवत होते. लेबलवरच्या ओळी ते फडाफडा सांगत. ईरप्पांनी त्यांना चवीबद्दलही विचारलं.

“ही कशी लागते?”

“भिजलेल्या मनुक्यागत. मागनं अक्रोडाची साल.”

“तुम्ही प्यायलाय?”

“तोबा! मी कशाला पितोय? पावणं म्हणायचं.”

ईरप्पांनी तसंच लिहिलं. त्यांच्या वहीची शिस्तच अशी होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं निळ्या शाईत. पुस्तकात वाचलेलं हिरव्या शाईत, खाली पुस्तकाचं नाव आणि पान. कुणाकडून ऐकलेलं शिसपेन्सिलीनं, खाली सांगणाऱ्याचं नाव. मनुका आणि अक्रोडाखाली लिहिलं आहे : ‘हुसेन मणेर यांचे सांगणे. त्यांनीही ऐकलेले.’

१९७१च्या सुरुवातीला वहीत दोनशे चौदा नोंदी होत्या. पकडलेल्या बाटलीचं वर्णन करताना आता ईरप्पा अर्धं पान भरत आणि सयाजीराव ते न वाचता सही करत. त्याच वर्षी वही कोर्टात गेली.

एका धान्य व्यापाऱ्याच्या गोदामात सहा बाटल्या सापडल्या. पोर्ट नावाची ही गोड, कडक वाइन. लेबलवर साल १९३७. व्यापाऱ्याचं म्हणणं असं की, या बाटल्या वडिलांनी संस्थानच्या काळात, दारूबंदीच्या आधी घेतल्या होत्या आणि गोदामाच्या कोपऱ्यात विसरल्या गेल्या. विसरलेल्या जुन्या बाटल्यांचा गुन्हा किरकोळ ठरला असता. गोव्याहून चोरून आणलेल्या मालाचा गुन्हा मोठा होता. बाटल्या कधीच्या, यावर सगळं अवलंबून होतं.

ईरप्पांनी बाटलीच्या मानेवरच्या पट्टीकडं बोट दाखवलं. त्यावर बारीक अक्षरांत दुसरं साल होतं, १९६०. पोर्टचा हा प्रकार वर्षानुवर्षं लाकडी पिंपात ठेवतात आणि मग बाटलीत भरतात. मोठ्या लेबलवर द्राक्षांचं साल असतं आणि पट्टीवर भरल्याचं. वडील तर १९५८मध्ये वारले होते. पट्टीवरचा आकडा म्हणजे भरल्याचं साल कशावरून? यासाठी वही होती. याच घराण्याच्या चौदा बाटल्या, चार वेगवेगळ्या छाप्यांतल्या, प्रत्येकीच्या लेबलवर एक साल आणि पट्टीवर नंतरचं एक साल.

आरोपीचे वकील शहरातले नावाजलेले होते. आवाज असा की कोर्टाबाहेरच्या चहावाल्यालाही साक्ष ऐकू जाई. त्यांनी उलटतपासणी सुरू केली.

“हेब्बाळकर, दारू पिता?”

“न्हाय.”

“कधी प्यायलाय?”

“कधीच न्हाय.”

“म्हणजे मिसळ न खाता मिसळीवर पुस्तक लिहिलंत म्हणायचं?”

कोर्टात हशा झाला. ईरप्पांनी हशा संपू दिला. “मी चवीबद्दल साक्ष द्यायला आलो न्हाय, साहेब. कागदाबद्दल आलोय.”

“पण वहीत चव लिहिलीय की! मनुका काय, अक्रोड काय.”

“ती शिसपेन्सिलीनं लिहिलीय. सांगणाऱ्याचं नाव खाली हाय.”

“आणि सांगणाऱ्यानं तरी प्यायलीय का?”

“न्हाय. तेबी लिहिलंय.”

मॅजिस्ट्रेटनी वही मागून घेतली, ते पान वाचलं आणि परत द्यायच्या ऐवजी पुढं चाळत राहिले. वकिलांनी दिशा बदलली.

“लेबल आणि पट्टी तुम्ही पाण्यात सोडवून घेता. मग अमुक पट्टी अमुक लेबलाचीच, हे कशावरून?”

“एका वेळी एकच बाटली भिजवतो.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी.”

हे उत्तर शपथेवर दिलेलं होतं. मॅजिस्ट्रेटनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, वही निशाणी सत्तावीस म्हणून दाखल केली आणि व्यापाऱ्याला शिक्षा सुनावली. व्यापाऱ्यानं सेशन्स कोर्टात अपील केलं.

अपील संपेपर्यंत वही कोर्टाच्या दप्तरात राहणार होती, आणि रोजच्या कामाला ती हवीच होती. ईरप्पांनी रीतसर नक्कल मागितली. नक्कल विभागात शमशुद्दीन नदाफ होते. मोत्यासारखं अक्षर आणि स्वभाव चेष्टेखोर. एवढं मोठं काम त्यांच्याकडं आधी कधी आलं नव्हतं. नियम असा की मुळात जे आहे ते सगळं उतरवायचं, आणि तेही एकाच काळ्या शाईत. मग रंगांचं काय करायचं? शमशुद्दीननी प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला लिहिलं : ‘मुळात निळे’, ‘मुळात हिरवे’, ‘मुळात शिसपेन्सिल’. लेबलं चिकटवलेली होती तिथं लिहिलं : ‘येथे कागद चिकटवला आहे. त्यावर जहाज, खाली द्राक्षांचा घड.’

“ईरप्पाण्णा,” दुसऱ्या महिन्यात ते म्हणाले, “एकशेसाठाव्या पानावर डास चिरडलाय. त्याची पण नक्कल काढू का?”

“डास माझा न्हाय.”

“आणि एक सांगतो. रोज चार पानं लिहितोय. घरी जाताना सायकल सरळ चालंना झालीय. वाचूनच चढाय लागलीय बघा.”

साडेचार महिन्यांनी नक्कल हातात आली. ईरप्पांनी ती मुळाशी ताडून पाहिली. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

ऑगस्ट १९७३मध्ये राधानगरी रस्त्यावर एक पेटी पकडली गेली. त्यात जहाजाच्या लेबलाच्या चार बाटल्या होत्या. नकलेतली नोंद एकशे बारा याच लेबलाची होती, म्हणून ईरप्पांनी सवयीनं ताडून पाहिलं. नोंदीत पट्टीवरचं घराणं वेगळं होतं, सालही वेगळं. समोरची बाटली बनावट असेल, असं त्यांना आधी वाटलं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, चौथी पाहिली. चारही सारख्या होत्या. म्हणजे बाटल्या खऱ्या होत्या आणि नोंद चुकली होती. वहीतली एकशे बारा नंबरची वाइन जगात कुणी केलेलीच नव्हती. एकीचं लेबल आणि दुसरीची पट्टी शेजारी चिकटवली गेली होती.

ईरप्पांनी केरबाला बोलावलं. नोंदीवरची तारीख होती १३ मे १९६९.

“केरबा, त्या दिवशी बाटल्या कशा भिजवल्या होत्यास?”

केरबानं डोकं खाजवलं. “त्या सालचा मे व्हय? आमच्या थोरलीचं लगीन त्याच आठवड्यात. आन नळाला पाणी न्हवतं दोन दिस. एकच बादली व्हती भरल्याली.”

“मग?”

“मग काय, तीन बाटल्या एकदम सोडल्या तिच्यात. कागूद त्यो कागूदच की अण्णा. ह्येचा काय आन त्येचा काय.”

“असं किती वेळा केलंस?”

“येकदाच. देवाशप्पत. बादलीची कडी मोडली वो, तीन बाटल्यांच्या वझ्यानं. पुन्यांदा कोण करतंय?”

एकशे अकरा, एकशे बारा, एकशे तेरा. या तीन नोंदींचा व्यापाऱ्याच्या खटल्याशी काही संबंध नव्हता. पण ‘प्रत्येक वेळी’ असं ईरप्पांनी शपथेवर सांगितलं होतं, आणि ते खरं नव्हतं. लेबल-पट्टीची जोडी चुकू शकते, हे एकदा कबूल केलं की चौदा बाटल्यांचा सगळा पुरावा डळमळणार होता. अपील दोन महिन्यांवर आलं होतं. हे केरबाला आणि ईरप्पांना सोडून जगात कुणाला माहीत नव्हतं.

सयाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

“हेब्बाळकर, त्या तीन नोंदी खटल्यात हायेत?”

“न्हाईत.”

“मग गप बस. निकाल लागू दे, मग काय दुरुस्ती करायची ती कर. आत्ता बोललास तर आरोपी सुटतो आणि तुझं पुस्तक रद्दीत जातं. नऊ वर्षं घातलीस त्यात.”

“मी शपथेवर बोललोय, साहेब.”

“तुला तेव्हा माहीत न्हवतं.”

“आता हाय.”

“विचार कर,” सयाजीराव म्हणाले. हुकूम म्हणून नव्हे. आवाज उतरला होता.

ईरप्पांनी चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी सकाळी भाकरी वाढताना महादेवींनी विचारलं, “अवो, चार दिस तोंड बांधून बसलाय. झालंय काय?”

ईरप्पांनी सांगितलं. वहीची कटकट वर्षानुवर्षं ऐकून घेणाऱ्या या बाईंनी पहिल्यांदाच तिच्याबद्दल काही विचारलं होतं.

“शपथ कुणाची घेतल्ती?”

“देवाची.”

“मग साहेबाला कशाला विचारत बसलाय?” आणि त्या तव्याकडं वळल्या.

पुढचा पंधरवडा ईरप्पांनी मुद्देमालाची नोंदवही आणि आपली नक्कल समोरासमोर ठेवून सगळ्या नोंदी तपासल्या. खटल्यात पुरावा म्हणून दाखवलेल्या चौदा बाटल्यांपैकी एकीचीही लेबलं त्या दिवशी काढलेली नव्हती. मग त्यांनी अर्ज लिहिला. मजकूर सहा ओळींचा आहे. आपण शपथेवर दिलेलं एक उत्तर चुकीचं होतं, ते कसं चुकलं, कोणत्या तीन नोंदी बाद धराव्यात, आणि ही चूक कधी व कशामुळं लक्षात आली. क्षमा मागितलेली नाही, सबबही सांगितलेली नाही. सरकारी वकिलांनी अर्ज वाचून कपाळावर हात मारून घेतला, पण दाखल केला.

अपिलाच्या दिवशी आरोपीच्या वकिलांनी तो अर्ज झेंड्यासारखा धरला. “साक्षीदार स्वतः म्हणतोय की माझी वही चुकलीय. आणखी काय पाहिजे? आज तीन नोंदी, उद्या तीस निघतील!”

न्यायाधीशांनी केरबाला बोलावलं. केरबा स्वच्छ टोपी घालून उभा राहिला.

“बाटल्या एकत्र भिजवल्या होत्या?”

“व्हय साहेब. येकदा.”

“एकदाच कशावरून? बाकीच्या वेळी नसतील कशावरून?”

“बादलीची कडी मोडली साहेब. नवी बादली मागावी लागली. त्येचा अर्ज हाय की हापिसात.”

आरोपीचे वकील हसले. “माझ्या अशिलाचा निकाल आता बादलीवर का?”

“बादलीवर न्हाय, साहेब,” केरबा त्यांच्याकडं वळून म्हणाला. “अर्जावर. इतक्या वरसांत बादलीचा येकच अर्ज हाय. आमच्या हापिसात अर्ज केल्याबिगर खिळाबी मिळत न्हाय. तीन-तीन बाटल्या रोज घातल्या असत्या तर किती बादल्या लागल्या असत्या?”

फाईल मागवली गेली. ‘बादलीची कडी तुटल्याने नवीन बादली मिळणेबाबत’, तारीख १४ मे १९६९. त्याआधी आणि त्यानंतर बादलीसाठी एकही अर्ज नव्हता. न्यायाधीशांनी ईरप्पांना एकच प्रश्न विचारला.

“ही चूक तुम्हाला कुणी दाखवून दिली?”

“कुणी न्हाय. बाटलीनं.”

शिक्षा कायम झाली. निकालपत्रात लिहिलं गेलं की, कुणीही न शोधलेली चूक साक्षीदारानं स्वतः, अपील चालू असताना, आपल्याच बाजूला धोका पत्करून कोर्टापुढं ठेवली. अशा साक्षीदाराच्या उरलेल्या नोंदींवर विश्वास ठेवण्यास कोर्टास अडचण वाटत नाही. सयाजीरावांनी निकालाचं ते पान कचेरीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ईरप्पा तेव्हा टेबलाशी बसून एका नव्या पंचनाम्याची दुसरी प्रत काढत होते. ते ती काढत राहिले. “पण कान लाल झालते अण्णांचं,” केरबा सांगतो.

अपिलानंतर मूळ वही परत मागता आली असती. ईरप्पांनी मागितली नाही. निशाणी सत्तावीस म्हणून ती दप्तरात आहे, तिथंच असू दे, असं त्यांनी ठरवलं. नोंदींसाठी नक्कल पुरेशी होती. अडचण एवढीच होती की नक्कल ही मुळाची हुबेहूब प्रत. मुळातली चूकही तिच्यात शिक्क्यासह उतरलेली. एकशे बारा नंबरची ती नसलेली वाइन खऱ्या नकलेत तशीच होती. आणि ईरप्पांनी त्या पानावर पेन टेकवलं असतं, तर ते पान खरी नक्कल राहिलं नसतं.

ते पुन्हा शमशुद्दीन नदाफांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

“या या, अण्णा. निकालाची नक्कल ना? तयार करायलाच घेतलीय. अहो, अशी वाक्यं मी उभ्या नोकरीत उतरवली न्हाईत. फ्रेम करून लावा घरात.”

“निकालाची नको. माझ्या अर्जाची द्या.”

“कुठला? तो चुकीचा?”

“तोच.”

“लोक जिंकल्याचा कागद न्हेत्यात, तुम्ही चुकल्याचा मागताय व्हय?”

“पुस्तकाला तो लागतोय.”

शमशुद्दीननी चष्मा वर केला आणि अर्जाचा क्रमांक लिहून घेतला.

नक्कल बाराव्या दिवशी मिळाली. सहा ओळी, काळी शाई, खाली शिक्का. महादेवींनी कणकेची खळ करून दिली आणि या वेळी ती स्वतः सोप्यात आणून ठेवली. ईरप्पांनी नोंद एकशे बारासमोरच्या कोऱ्या पानावर तो कागद चारही कडांनी चिकटवला आणि पुस्तक वाळेपर्यंत उघडं ठेवलं.